परांच्या मुळाशी खिडकी: पुण्यातल्या एका टँकमधले पाच आफ्रिकी मासे

एप्रिलमधल्या एका दुपारी आमच्या सोसायटीतल्या काकांनी मला फोटो पाठवला. शिंगटीच्या घडणीचा मासा, अंगभर काळे ठिपके, दुधासारख्या पांढऱ्या मिशा, काळेभोर पर. पाठीवरच्या पराच्या मुळाशी एक फिकट डाग होता, त्याभोवती काकांनी लाल गोल काढला होता. खाली लिहिलं होतं, ‘फंगस वाढतंय. सहातला एक आज सकाळी गेला. काय करू?’

मी तसाच खाली गेलो. चार फुटी टँकचं पाणी हिरवटनिळं झालेलं. उरलेले पाच मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत होते. तळाशी, दगडाखाली राहणारा मासा भर दुपारी वर येऊन हवा शोधतो, तेव्हा त्याला श्वास पुरत नसतो. थर्मामीटर 31 अंश दाखवत होता. औषधाच्या बाटलीवर मॅलकाइट ग्रीन आणि फॉर्मलिन. पहिला डोस तीन दिवसांपूर्वी, दुसरा आदल्या रात्री, दोन्ही बाटलीवर छापलेल्या पूर्ण प्रमाणात.

‘दुकानदाराला फोटो पाठवला होता रे,’ काका म्हणाले. ‘तो म्हणाला फंगस आहे, लगेच टाका.’

औषधाचा विषय मी पुढे ढकलला. निम्मं पाणी हळूहळू बदललं, फिल्टरमध्ये कार्बनची पिशवी टाकली, दोन एअर स्टोन सोडले आणि झाकणाच्या जागी टेबलफॅन लावला. फॉर्मलिन पाण्यातला प्राणवायू खातं, आणि पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू मुळात कमी मावतो. त्यातून या माशांच्या अंगावर खवले नाहीत. खवलेवाल्या माशाला सोसणारा डोस यांच्या उघड्या कातडीला जड जातो, म्हणून खरोखर औषध लागलंच तर निम्म्या प्रमाणापासून सुरुवात करायची असते. संध्याकाळी सातला पाचही मासे खाली गेले. त्यानंतर मी टॉर्च घेऊन तो डाग बघायला बसलो.

डाग सपाट होता. फंगस कापसासारखं असतं, त्याचे तंतू पाण्यात हलतात. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, ज्याला आपण सगळे ‘इक’ म्हणतो, मिठाचे दाणे चिकटल्यासारखा वर उठून दिसतो. इथे कातडीवर काहीच उठलेलं नव्हतं. काळ्या पराच्या बुडाशी रंगच फिकट होता, जणू काळ्या कागदाला कोपऱ्यात खिडकी कापलीय. शिवाय डाव्या बाजूला जसा, तसाच उजव्या बाजूला. एका माशाला जसा, तसाच पाचही माशांना. रोग इतका मोजूनमापून येत नाही.

मी काकांना विचारलं, ‘घरी आणले तेव्हाचे फोटो आहेत का?’ त्यांच्या नातीच्या फोनमध्ये होते. दोन वर्षांपूर्वीचे, मासे तेव्हा करंगळीएवढे. फोटो मोठा करून पाहिला. त्याच जागी, तीच खिडकी.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. गेलेला मासा त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून कुंडीजवळ ठेवला होता. तोही आम्ही उघडून पाहिला. त्यालाही तो डाग होता. ज्या खुणेसाठी त्याला औषध दिलं, ती खूण त्याची जन्मजात होती. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितोय.

नावाचा शोध

हे मासे काकांनी ‘कुकू कॅटफिश’ म्हणून घेतले होते. त्यांच्या टँकमध्ये आफ्रिकेतल्याच मलावी सरोवरातले सिक्लिड नावाचे रंगीत मासे होते, आणि कुकू कॅटफिशची कहाणी त्यांनी कुठेतरी ऐकली होती. कहाणी खरी आहे. कोकीळ कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते, तसा टांगानिका सरोवरातला सायनोडोंटिस मल्टिपंक्टेटस हा मासा आपली अंडी दुसऱ्याच्या तोंडात पोचवतो. तिथल्या काही सिक्लिड माद्या अंडी घातल्याबरोबर ती तोंडात उचलून घेतात आणि पिल्लं होईपर्यंत तोंडातच सांभाळतात. ही जोडी अंडी घालत असतानाच कुकू मध्ये घुसतात, तिची काही अंडी खातात, आपली तिथे टाकतात, आणि गडबडीत मादी सगळीच उचलते. कुकूची अंडी आधी फुटतात. अंगावरचा बलक संपला की ही पिल्लं त्याच तोंडातली यजमानाची पिल्लं खाऊन वाढतात. जपानी संशोधक तेत्सु सातो यांनी 1986 मध्ये ‘नेचर’मध्ये हे मांडलं. 2018 मध्ये चेक विज्ञान अकादमीच्या ब्रनो इथल्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली: ज्या सिक्लिडच्या पूर्वजांनी या माशाबरोबर कधी सरोवर वाटून घेतलेलं नाही, ते जास्त सहज फसतात. टांगानिकातले जुने शेजारी परकी अंडी बऱ्याचदा थुंकून टाकतात. मलावीच्या सिक्लिडबरोबर कुकू ठेवायची हौस पाळणाऱ्यांना का असते, ते यावरून कळेल.

काकांच्या टँकमध्ये दोन वर्षांत एकदाही परकं पिल्लू निघालं नव्हतं. सिक्लिड माद्या तोंड फुगवून फिरायच्या, पिल्लं सोडायच्या, सगळी त्यांचीच. काकांना वाटायचं आपलंच काहीतरी चुकतंय.

माशाला नाव द्यायचं तर तो नीट बघायला लागतो, आणि सायनोडोंटिस जाळ्याने पकडायचा नाही. पाठीवरचा आणि छातीवरचे दोन काटे तो ताठ करून अडकवून टाकतो. जाळ्याच्या छिद्रात काटा रुतला की सोडवताना मासा जखमी होतो, हाताला लागला तर आपल्यालाही चांगलीच कळ येते. म्हणून श्रीखंडाचा एक किलोचा पारदर्शक डबा घेतला, टँकमध्येच बुडवला, मासा त्यात हाकलला आणि पाण्यासकट उचलला. डब्याच्या मागे स्टीलची पट्टी धरली. डबा जरा वाकला, पाणी उतरलं, तसा मासा बोलला. जुन्या दाराच्या बिजागरीसारखी बारीक ‘कर्र कर्र’. छातीच्या काट्याचं मूळ खोबणीत घासून हा आवाज निघतो, आणि त्यावरूनच इंग्रजीत या कुळाला किरकिऱ्या म्हणावं असं नाव पडलंय. दोन वर्षं मासे सांभाळून काकांनी तो आवाज पहिल्यांदा ऐकला. त्यांनी नातीला हाक मारून बोलावलं.

प्रजातीच्या आधी सायनोडोंटिस हे नक्की करायचं होतं. आपल्या नदीतल्या शिंगटीला मिशांच्या चार जोड्या असतात, एक जोडी नाकपुडीपाशी. या माशाला तीनच जोड्या, नाकाशी एकही नाही, आणि खालच्या जबड्याच्या मिशांना पिसासारख्या बारीक फांद्या फुटलेल्या. फांदीदार मिशा दिसल्या म्हणजे बहुतेक तो मोकोकिडी या फक्त आफ्रिकेत सापडणाऱ्या कुळातला सायनोडोंटिस. या एका वंशात सव्वाशेच्या वर जाती आहेत. पैकी काळे ठिपके, पांढऱ्या मिशा आणि काळ्या परांना मागून पांढरी किनार, असं सगळं एकत्र दिसलं की पाय टांगानिकाकडे वळतात.

मल्टिपंक्टेटस 1898 मध्ये बुलेंजर यांनी नोंदवला. त्याचं पोट पांढरं स्वच्छ असतं, ठिपके बाजूंवर थांबतात. डोळा मोठा, मासाही मोठा, सरोवरात तो वीतभराहून लांब होतो. त्याच्यासारखाच दिसणारा, आणखी मोठ्या डोळ्यांचा, पण आकाराने लहान राहणारा ग्रँडिऑप्स नावाचा भाऊबंद आहे, छातीच्या परातल्या काड्या मोजून तो वेगळा काढतात. काकांच्या माशांचं पोट डब्याखालून पाहिलं, तर ठिपके पोटावरही उतरलेले. कुकू तिथेच बाद झाला. ज्या गोष्टीची काका दोन वर्षं वाट बघत होते, ती या माशांकडून होणारच नव्हती.

उरले दोन. पेट्रिकोला, म्हणजे खडकात राहणारा, 1959 मध्ये माथेस यांनी वर्णन केलेला. आणि ल्युसिपिनिस. या दुसऱ्याची गंमत अशी की पाळणाऱ्यांच्या टँकमध्ये तो वर्षानुवर्षं ‘बुटका पेट्रिकोला’ म्हणून नांदत होता, त्याला स्वतःचं नावच नव्हतं. 2006 मध्ये फ्लोरिडाच्या निसर्ग इतिहास संग्रहालयातून जेरेमी राइट आणि लॉरेन्स पेज यांनी टांगानिकातल्या सगळ्या सायनोडोंटिसची फेरतपासणी केली, तेव्हा ग्रँडिऑप्ससह हा नवी जात म्हणून वेगळा केला. ल्युसिपिनिस म्हणजे उजळ परांचा. पेट्रिकोलापासून त्याला वेगळं करणारी मुख्य खूण कोणती? परांवरच्या काळ्या त्रिकोणांच्या मुळाशी असलेली फिकट खिडकी.

काकांना मी हे वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला आणि परत डब्याकडे पाहिलं.

मोजमापही जुळत होतं. सगळ्यात मोठी मादी 8.3 सेंटिमीटर, सगळ्यात छोटा नर 6.9, आणि गेल्या आठ महिन्यांत वाढ जवळपास थांबलेली. पेट्रिकोला याहून मोठा होतो. संकराची शंकाही घेतली, कारण सायनोडोंटिसच्या व्यापारात संप्रेरकांची इंजेक्शनं देऊन दोन जातींचे संकर काढतात, ते ठिपक्यांनी भुरळ घालतात आणि कुठल्याच वर्णनात नीट बसत नाहीत. इथे पाचही मासे एका साच्यातले, त्रिकोण रेखीव, किनार सरळ होती. फार्मवर पैदास झालेल्या माशाच्या मागे सरोवरातला ठावठिकाणा नसतो, त्यामुळे नाव दिसण्यावरूनच ठरतं. वहीत मी लिहिलं: सायनोडोंटिस ल्युसिपिनिस, पाच नग.

पाणी

टांगानिका म्हणजे बुरुंडी, काँगो, टांझानिया आणि झांबिया अशा चार देशांत पसरलेलं, जवळजवळ 670 किलोमीटर लांब आणि 1,470 मीटर खोल सरोवर. बैकलनंतर जगात सगळ्यात खोल. पाणी क्षारयुक्त, पीएच नऊच्या आसपास, आणि वर्षभर जवळपास सारखं. काकांच्या टँकमध्ये खडकवासल्याचं नळाचं पाणी. सह्याद्रीतल्या पावसाचं, बसाल्टवरून वाहत आलेलं, मऊ, म्हणजे क्षार कमी असलेलं. पीएच 7.2, केएच, म्हणजे पीएच घसरू न देणाऱ्या कार्बोनेट क्षारांचं माप, 3. त्यात मासे जगत होते, खात होते, पण मऊ पाण्यात पीएच धरून ठेवायला काही नसतं. टँक जुना होत गेला की तो गुपचूप खाली घसरतो.

इथे घाई केली तर मासे मरतात. माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया फिल्टरमधले जिवाणू संपवतात, ते औषधाने दुखावले होते, चाचणीत अमोनिया अर्धा पीपीएम आला. पीएच वर नेला की तोच अमोनिया जास्त विषारी होतो. म्हणून आधी बारा दिवस फक्त रोज थोडं पाणी बदललं आणि खाणं निम्म्यावर आणलं. अमोनिया सलग चार दिवस शून्य आल्यावरच पुढचं काम काढलं.

सिक्लिडच्या धक्काबुक्कीतून बाहेर काढायला काकांनी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच असा वेगळा टँक घेतला. दगड-वाळू धरून पाणी दीडशे लिटर भरलं. फिल्टर नवा असेल तर हा बदल धोक्याचा, म्हणून जुन्या फिल्टरमधला निम्मा स्पंज त्यात घातला. क्षारता वाढवायला साधा खायचा सोडा. शंभर लिटर पाण्याचा केएच एक अंशाने वाढवायला सुमारे 3 ग्रॅम लागतो, म्हणजे दीडशे लिटरला साडेचार. तीनवरून नऊवर जायला 27 ग्रॅम, तो तीन आठवड्यांत सहा वेळा विभागून. नंतरच्या प्रत्येक पाणीबदलात नव्या पाण्यापुरता सोडा आधी बादलीत विरघळवायचा, टँकमध्ये कोरडा टाकायचा नाही. फिल्टरमध्ये शिंपल्यांचा चुरा, कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात मिळतो तोच, खळखळून धुतलेला. बरेच जण यासाठी प्रवाळाचे तुकडे शोधतात. आपल्याकडे 2001 पासून खडक बांधणारी प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. ते विकणंही गुन्हा आणि घेणंही, आणि शिंपल्याने काम भागतं. महिन्याअखेर पीएच 8.2 वर स्थिरावला.

दगडासाठी कुठे जायची गरज पडली नाही. खडकात राहणाऱ्या माशाला दख्खनचा काळा पाषाण चालतो, तो पाण्यात काही सोडत नाही. काकांच्या गावच्या शेताच्या बांधावरून दोन गोण्या आणल्या, घासून धुतल्या. तळाच्या काचेवर थर्माकोल, त्यावर मोठे दगड, मग लहान, आणि वाळू सगळ्यात शेवटी. वाळूवर दगड रचले तर मासे खालून उकरतात आणि दगड काचेवर घसरतो. फटी अशा ठेवल्या की मासा पूर्ण आत जाईल आणि दुसऱ्या बाजूने निघेल. पहिल्याच संध्याकाळी पाचही जण एकाच कपारीत उलटेसुलटे चिकटून बसले, एक छताला पोट लावून. कुणी एकटा राहिला नाही. हे मासे चार-पाचांच्या खाली ठेवू नयेत असं मी ठामपणे सांगतो, एकटा ल्युसिपिनिस लपून राहतो आणि पाळणाऱ्याला महिनोन्महिने दिसत नाही.

खाणं रात्री, दिवा मालवल्यावर. बुडणारी गोळी, आठवड्यातून दोनदा गोठवलेल्या लाल अळ्या किंवा बारीक चिरलेली कोलंबी. जिवंत ट्युबिफेक्स काका पूर्वी द्यायचे, गटारातून येणाऱ्या त्या किड्यांबरोबर काय येईल याचा भरवसा नसतो, ते बंद केलं. मे महिन्यात फॅनने पाणी 28 वर राहिलं. दिवे जातात म्हणून बॅटरीवरचा एअर पंप शेजारी ठेवला, दोनदा तो कामी आला.

कुंडी आणि गोट्या

पेट्रिकोला आणि ल्युसिपिनिस दुसऱ्याच्या तोंडात अंडी घालत नाहीत. अंडी कपारीत उधळतात आणि लगेच स्वतःच खायला लागतात. म्हणून पाळणारे एक जुनी युक्ती वापरतात. आइस्क्रीमचा चौकोनी डबा घ्यायचा, त्यात काचेच्या गोट्यांचे दोन थर, वर मातीची कुंडी पालथी, कडेला आत जाण्याएवढी खाच फोडलेली. मासे कुंडीत शिरून अंडी घालतात, अंडी गोट्यांच्या फटींतून खाली पडतात, आणि तिथे त्यांचं तोंड पोचत नाही. गोट्या काकांनी तुळशीबागेतून आणल्या. दुकानदाराने विचारलं, नातवासाठी का? काका म्हणाले, माशांसाठी.

ऑगस्टच्या शेवटी, पाऊस लागून राहिलेला असताना, पहाटे सव्वापाचला माझा फोन वाजला.

‘अरे, गोट्यांखाली काहीतरी आहे. साबुदाण्यासारखं. पण बारीक.’

अंडीच होती. डबा हळूच उचलून एअर स्टोन लावलेल्या छोट्या टँकमध्ये ठेवला, टँकमधलंच पाणी. मोजली तेव्हा 34. काही पांढरी पडली, ती ड्रॉपरने रोज काढली. तिसऱ्या दिवशी उरलेली फुटली. बलक संपेपर्यंत काही द्यायचं नाही, मग ताज्या काढलेल्या ब्राइन श्रिंपच्या अळ्या, दिवसातून तीनदा, आणि उरलेलं खाणं लगेच उपसायचं. पहिल्या आठवड्यात सात पिल्लं गेली, पाणी एकदा जास्त थंड पडलं होतं. पुढे हीटर ठेवला. जानेवारीत 11 पिल्लं अडीच सेंटिमीटरच्या पुढे गेली.

आता ती लोकांना द्यायची होती. काकांनी प्रत्येकाचा टँक आधी बघितला आणि पाण्याचा केएच विचारला. एकाने विचारलं, नको झाले तर पवना धरणात सोडले तर चालतील का? त्याला त्यांनी मासे दिले नाहीत. थाई मागूर म्हणून आपल्याकडे विकला जाणारा मासाही आफ्रिकेतलाच, त्याच्या पैदाशीवर 2000 मध्ये केंद्राने बंदी घातली, तरी तो अजून सापडतो. उजनीच्या जाळ्यांत आता टँकमधून सुटलेले दक्षिण अमेरिकेतले सकर मासे येतात. काका भिगवणच्या बाजूचे, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय.

शेवटची तीन पिल्लं माझ्याकडे आली. प्लास्टिकच्या पिशवीवर काकांनी काळ्या मार्करने आपल्या शाळामास्तरी अक्षरात लिहिलं होतं: ‘सायनोडोंटिस ल्युसिपिनिस. टांगानिका. केएच 9, पीएच 8.2. 10 सें.मी.पेक्षा मोठा होत नाही. कुकू नाही.’ आणि खाली दोनदा अधोरेखित करून: ‘परांच्या मुळाशी फिकट खिडकी येईल. तो रोग नव्हे. औषध घालू नये.’